रेषेपलीकडचा डुगाँग

मी बरची बोलतेय. भाला म्हणालात तर ओ देणार नाही. भाला भोसकतात आणि परत ओढून घेतात. माझं तसं नाही. माझं टोक जनावराच्या अंगात राहतं आणि मी पाण्यावर तरंगत मागे. एवढा फरक ज्याला ठाऊक नाही त्याने माझ्याविषयी मत देऊ नये. पण देतात. काही जण मुख्य भूमीवरच्या कचेरीत थंड हवेत बसून देतात, काही जण आमच्याच बेटाच्या धक्क्यावर पाय हलवत देतात. पहिले म्हणतात, शिकार म्हणजे क्रूरपणा. दुसरे म्हणतात, शिकार हा आमचा हक्क, मध्ये कुणी बोलायचं काम नाही. दोघेही माझ्यासमोर बोलतात, आणि दोघांनाही वाटतं, ही लाकडाची बाई, हिला काय कळतंय.

मला सगळं कळतं. शाळेत कुणी घातलं नाही म्हणून काय झालं? निम्मं मी होडीच्या टोकावर शिकले, निम्मं गावच्या सभागृहाच्या भिंतीला टेकून ऐकलं.

माझा जन्म वोंगाईच्या झाडातून झाला. हे झाड आमच्या बेटावर वाऱ्याच्या तोंडाशी उभं राहतं, म्हणून त्याचं लाकूड हट्टी असतं. मला घडवलं ते, पुढे ज्याच्या हातात मी वावरले त्या इनोसाच्या बापाने. तो मोत्यांच्या शिंपल्यांसाठी बुड्या मारणारा माणूस. पाण्याने त्याचे कान नेले होते, त्यामुळे तो बोलायचा कमी आणि बोलला की ओरडून. झाड पाडायच्या आधी त्याच्या बुंध्यावर हात ठेवून तो बराच वेळ उभा राहिला. मग शिंपल्याच्या धारेने मला तासलं, काचेच्या तुकड्याने गुळगुळीत केलं, नारळाचं तेल पाजलं. दोन माणसांच्या उंचीहून मी लांब झाले. एका टोकाला जाड गाठ ठेवली आणि त्या गाठीत भोक पाडलं. काटेरी लोखंडी टोक त्या भोकात नुसतं बसवायचं, ठोकायचं नाही. दोर बांधायचा तो त्या टोकाला. मी नेम धरते, वजन देते, टोक पोचवते आणि सुटते. काम फत्ते झालं की पाण्यात सगळ्यात आधी टाकून दिली जाते ती मी. नंतर आठवण आली तर उचलतात.

आणखी एक. मला कुणी नुसतं फेकत नाही. शिकारी मला धरून होडीच्या टोकावरून स्वतः उडी मारतो, तेव्हा कुठे त्याचं सगळं वजन माझ्या मागे येतं. म्हणजे जो मारतो तोही त्याच पाण्यात पडतो, जिथे जनावर झगडत असतं. त्याला ते डोळ्यांसमोर बघावं लागतं, त्याचा उच्छ्वास तोंडावर घ्यावा लागतो. लांबून बोट दाबणाऱ्याला हे घडत नाही. ह्याचा मला अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही.

आमची शिकार म्हणजे डुगाँग. समुद्राच्या तळाचं गवत चरणारं, हवा घ्यायला वर येणारं, मऊ नाकाचं मोठं जनावर. इनोसाच्या बापाने पोराला उडी मारायला शिकवलं, त्याच्याआधी उडी कधी मारायची नाही ते शिकवलं. बरोबर पिल्लू असेल तर बरची खाली. एकदा चुकलास तर त्या जनावराच्या मागे लागायचं नाही, त्याचा दिवस होता म्हणायचं. मांस वाटायचं, विकायचं नाही. आणि टोक एकदा अंगात गेलं की ते जनावर तुझं. त्याला जखमी सोडून घरी जेवायला येणाऱ्याला तो माणसांत धरत नसे.

हे कुणी कागदावर लिहिलेलं नव्हतं. त्या काळी सरकारने डुगाँगांसाठी काही नियम केले नव्हते. माणसांसाठी मात्र पुष्कळ केले होते. बेट सोडायचं तर परवानगी. दुसऱ्या बेटावर दिलेल्या बहिणीला भेटायचं तर परवानगी. म्हणून आमच्या म्हाताऱ्यांना नियम हा शब्द कानावर पडला तरी अजून ओकारी येते. त्यांचा राग मला समजतो. पण राग समजणं वेगळं आणि रागाच्या नावाखाली समुद्र रिकामा करणं वेगळं.

इनोसा जवान झाला आणि मुख्य भूमीवर रेल्वेचे रूळ टाकायला गेला. आमची कितीतरी पोरं गेली तेव्हा. मी घराखाली पडले. वर कोंबड्या बसायच्या. इनोसाची बायको डोरकस, मोठी कामाची बाई, तिने मला दोन खांबांवर आडवी टाकली आणि माझ्यावर लेकीचे लंगोट वाळत घातले. मी आधी फणफणले. पण तिच्यासमोर कुणाचं काही चालत नसे, तिथे माझं काय चालणार? आणि खरं सांगू, ती रोज माझ्यावरून फडकं फिरवायची. म्हणायची, तो परत आला की म्हणेल, माझ्या बरचीला वाळवी लावलीस. तो परत आला, आणि नेमकं तेच म्हणाला, वाळवी लागलेली नसताना. ती आठवडाभर हसत होती.

परत आला तेव्हा काळ बदललेला होता. दोर नायलॉनचा झाला, होड्या पत्र्याच्या झाल्या, मागे इंजिनं लागली. आधी शिडावर जायचो, वाऱ्याच्या मर्जीने, आणि जनावराला पळून जायला अर्धी संधी असायची. आता पोरं इंजिन फुल करून डुगाँगाला दमेपर्यंत पळवतात. दम लागला की तो वर येतोच, बिचारा जाणार कुठे? मग उडी. ह्याला शिकार म्हणत असाल तर कोंबडीच्या खुराड्यात हात घालण्यालाही म्हणा. इनोसा इंजिन लांबवर बंद करायचा आणि काठीने होडी ढकलत न्यायचा. पोरं हसायची. हसू देत. त्याचं टोक पहिल्या उडीत बसायचं.

मग सरकारचा कायदा आला. डुगाँग मारायचा तर हाताने चालवलेल्या बरचीनेच. बंदूक नाही, जाळं नाही. आणि मारायचा हक्क फक्त ज्यांची ही रीत आहे त्यांनाच. ऐकून मी भिंतीला टेकल्याटेकल्या ताठ झाले. सरकारी कायद्यात माझा उल्लेख. सगळं गाव शिव्या देत होतं आणि मी मनात म्हणत होते, ह्यांना इतक्या वर्षांत एक शहाणपणाची गोष्ट सुचली ती ही.

पुढची सुचायला वेळ लागला, आणि ती त्यांना एकट्यांना सुचली नाही.

झालं असं, की एक साल उत्तरेकडच्या मोठ्या नद्यांना पूर आले आणि समुद्रात गाळच गाळ आला. तळाचं गवत गुदमरलं. त्या हंगामात इनोसाने एक डुगाँग आणला आणि किनाऱ्यावर कापला, तर आत चरबीच नाही. मांस दोरासारखं, वास उग्र. डोरकसने ते शिजवलं, चाखलं, आणि पातेलं तसंच खाली ठेवलं. दुसऱ्यांच्या घरीही हेच. पण लोक खात राहिले, मारत राहिले. एकात पोट भरत नाही म्हणून दोन मारू लागले. माणसाची ही खोड मी जन्मभर पाहिली आहे. गोष्ट कमी झाली की तो जास्त घेतो.

सभा भरली. मुख्य भूमीवरून एक साहेब आला होता, उन्हाने नाक सोलवटलेला, बोलताना टोपी हातात फिरवणारा. तो म्हणाला, सगळ्या बेटाची शिकार काही वर्षं बंद करा. गाव उसळलं. डोरकसचा भाऊ गिडियन, जिभेचा तिखट माणूस, म्हणाला, साहेब, तुमच्या घरी मी येतो आणि तुमचा फ्रिज काही वर्षं बंद करतो. सगळे हसले, साहेबही हसला. मग तो हळूच म्हणाला की डुगाँगाच्या मादीला पहिलं पिल्लू व्हायला दहा-दहा वर्षं जातात, आणि नंतर दोन पिल्लांच्या मध्ये कित्येक वर्षं.

इनोसा बोटांवर वर्षं मोजू लागला. आयुष्यभर त्याने पिल्लाच्या आईला सोडलं होतं, पण ती आई व्हायला किती काळ लागतो हे त्याला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. समुद्रात जनावर दिसतं, त्याचं वय थोडंच दिसतं? तो उठला आणि म्हणाला, "उत्तरेचं गवताचं कुरण बंद करू या. सरकारने नाही. आपण."

गिडियन म्हणाला, "इनोसा, तुझ्या तोंडात ही कुणाची जीभ?"

"माझीच आहे. वाईट मांस खाऊन जरा जड झालीय."

मग तो साहेबाकडे वळला आणि त्यालाही सोडलं नाही. सगळं बेट बंद केलं तर पोरं उडी विसरतील, आणि ज्याला खायचंच नाही तो गवताकडे बघायला कशाला जाईल, असं त्याने स्पष्ट सांगितलं. आम्हांला हाकलून समुद्र राखला जाणार असेल तर आधी गाळ अडवून दाखव, नद्यांना जाऊन सांग. साहेब टोपी फिरवत राहिला. पण त्याने ऐकलं. तेवढं मी त्याच्या बाजूने बोलेन.

मग गावाने रेषा ठरवली. काळ्या खडकाच्या टोकापासून वाळूच्या पट्ट्यावरच्या एकट्या तिवराच्या झाडापर्यंत. त्या रेषेच्या आत बरची घेऊन होडी जायची नाही. बाहेरही हवं तितकं मारायचं नाही, मोठ्या कार्याला गावाची परवानगी घेऊन एक. आणि कुणी आतून जनावर आणलं, तर त्याचा तुकडाही त्याच्या घरी शिजणार नाही. सगळं मांस गावातल्या म्हाताऱ्यांच्या घरी वाटायचं, आणि त्याची बरची पूर्ण हंगाम सभागृहाच्या भिंतीवर टांगायची. ही शिक्षा सुचवली कुणी? इनोसाने. कुणीतरी म्हणालं, फार कडक आहे. तो म्हणाला, कडकच हवी, नाहीतर मीच मोडीन.

रेषेवर नजर ठेवायला गावाने आणि सरकारने मिळून रेंजर नेमले. त्यात इनोसाची लेक लेटी. जिचे लंगोट मी वागवले ती. खाकी शर्ट घालून होडीत उभी राहिली की पोरं तिला पोलीसबाई म्हणून चिडवायची. ती म्हणायची, पोलीस असते तर तुम्हांला आत टाकलं असतं, सध्या फक्त तोंडं लक्षात ठेवतेय.

मग डोरकस गेली. आजारी पडली आणि गेली. त्यावर मी फार बोलणार नाही.

आमच्याकडे माणूस पुरलं की काम संपत नाही. थडग्यावरचा दगड तयार व्हायला, पाहुणे जमायला, अन्न साठवायला पुष्कळ महिने जातात. मग एक दिवस कापडात गुंडाळलेला दगड सगळ्यांसमोर उघडायचा. तोवर मेलेलं माणूस अर्धं दारात असतं. खड्डा खणणं, पेटी उचलणं, हे सगळं सोयरे करतात, घरच्यांनी हात लावायचा नसतो. आणि दगड उघडायच्या दिवशी त्या सोयऱ्यांना घरच्यांनी पोटभर जेवू घालायचं. त्या जेवणात डुगाँग हवा. डुक्कर चालतं, मासे चालतात, पण डुगाँग नसला तर लोक तोंडावर काही बोलत नाहीत आणि पाठीमागे वर्षानुवर्षं बोलतात. डोरकसचा खड्डा गिडियन आणि त्याच्या माणसांनी खणला होता, भर उन्हात. इनोसाला त्यांच्यापुढे डुगाँग ठेवायचा होता. दुसरं काही त्याच्या डोक्यात नव्हतं.

गावाने परवानगी दिली, एक, रेषेच्या बाहेरचा.

इनोसाचे गुडघे आता बोलू लागले होते. पण उडी मीच मारणार, असं त्याने सांगून टाकलं. होडी चालवायला भाचा, सायलस. हा मुख्य भूमीवरच्या खाणीत काम करतो, मामीच्या दगडासाठी खास आला होता, आणि येताना एक मोठं इंजिन घेऊन आला होता. पोरगा वाईट नाही. घाईचा आहे.

सकाळची भरती होती, पाणी काचेसारखं. पहिली वर आली ती मादी, तिच्या काखेत पिल्लू. इनोसाने मला खाली ठेवलं. त्यानंतर बराच वेळ काही नाही. रेषेच्या पलीकडे मात्र पाण्यात गढूळ पट्टे उठत होते, तळाचं गवत उपटून खाताना उठतात तसे. एक नाही, कितीतरी. इतक्या वर्षांत मी तिथे एवढी जनावरं पाहिली नव्हती.

"मामा, तिकडे बघ. गोठ्यात उभे असावेत तसे उभे आहेत."

"दिसतायत."

"मग?"

"मग काय. दिसतायत. चांगलं झालं."

सायलसने कपाळाला हात लावला. म्हणाला, मामीला डुगाँगाच्या चरबीतलं मांस आवडायचं, आठवतं ना. इनोसाने मान हलवली. त्याला आठवत होतं, म्हणूनच तो तिकडे बघत नव्हता.

भरती फिरली आणि आमच्या बाजूला एक श्वास ऐकू आला. जाड, लांब श्वास. मोठा नर, एकटा, गुबगुबीत पाठीचा. इनोसाने हात केला, सायलसने इंजिन बंद केलं आणि काठी घेतली. आम्ही सावलीसारखे सरकलो. दुसऱ्यांदा तो वर आला तेव्हा इनोसाने मला उचललं. त्याच्या हातांतली ताकद आधीइतकी नव्हती, पण पकड तीच. आम्ही दोघं एकदम हवेत गेलो.

टोक बसलं. मी सुटले. तिथवर सगळं रीतीने झालं.

पण सायलसने दोराचं दुसरं टोक होडीला पक्कं बांधून ठेवलं होतं. दोर सैल सोडत, धरत, जनावराला आपल्याकडे वळवत दमवायचं असतं. ते हातांना शिकावं लागतं, आणि खाणीत हे कुणी शिकवत नाही. दोर ताणला, होडीला हिसका बसला, आणि तो नर होडी ओढत सरळ निघाला, उत्तरेला, कुरणाकडे. इनोसा पोहत जाऊन कसाबसा होडीला लटकला आणि वर चढला. मी पाण्यात आडवी पडून हे बघत होते. रेषा जवळ आली. माझ्यापर्यंत आवाज येत होता.

"मामा, रेषा. कापू का दोर?"

"कापलास तर तुलाच बांधीन दोराला."

"लेटी सोडणार नाही."

"टोक आत आहे त्याच्या, सायलस. टोक आत आहे."

आणि होडी पलीकडे गेली. मी अलीकडेच राहिले, रेषेवर डुलत. तिकडे काय झालं ते मी पुढे सभागृहात ऐकलं. जनावर दमलं, इनोसा पुन्हा पाण्यात उतरला, जनावराचं नाक पाण्याखाली राहावं म्हणून त्याने शेपटीला दोर बांधून ती वर ओढली, आणि श्वास थांबेपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून राहिला. मुख्य भूमीवरच्या काही लोकांना हे ऐकवत नाही. मलाही ऐकवत नाही. पण अंगात लोखंड घेऊन दिवसचे दिवस कुजत मरण्यापेक्षा हे बरं, हे सांगायला मी कुणालाही भीत नाही.

परत येताना त्यांनी मला उचललं. सायलस सारखा बोलत होता. कुणी पाहिलं नाही मामा, टोक बाहेरच लागलं, हे खोटं थोडंच आहे? इनोसा दोर गुंडाळत राहिला. त्याला उत्तर माहीत होतं, पण ते त्याला गिळवत नव्हतं. टोक बाहेर लागलं हे खरं. जनावर आतून आणलं हेही खरं. आणि शिक्षा लिहून घेताना त्याने ही शक्यता धरलीच नव्हती, कारण त्याच्या बापाच्या काळी दोर होडीला बांधतच नसत.

किनाऱ्यावर गाव जमलं होतं. लेटी सुऱ्या धुऊन तयार होती. त्या दिवशी ती खाकी शर्टात नव्हती, आईचं कार्य म्हणून फुलांचा झगा घातला होता. जनावर बघून बायकांनी आनंदाने हात जोडले. एवढा गलेलठ्ठ डुगाँग कित्येक वर्षांत आला नव्हता. गिडियनसुद्धा म्हणाला, बहिणीच्या नवऱ्याने एकदाचं काहीतरी धड केलं.

इनोसा ओल्या कपड्यांनी लेटीसमोर उभा राहिला. "बाहेर टोक लागलं. आत गेला. आतून आणला."

सायलस होडीवरची दोराची गाठ सोडवायला वाकला.

लेटीने हातातली सुरी खाली ठेवली. "बाबा, तू हे मला नंतर सांगू शकला असतास. परवा. जेवण झाल्यावर."

"परवा सांगितलं असतं तर मग कधीच सांगितलं नसतं."

"शिक्षा तूच सांगितली होतीस."

"म्हणून तर सांगतोय."

"आईच्या दगडाला..." एवढं म्हणून ती थांबली. मग तिने सुरी घेतली आणि रीतीप्रमाणे स्वतः जनावर कापलं, एकेक भाग एकेका म्हाताऱ्याच्या नावाने पानावर ठेवत गेली. स्वतःच्या घराचं पान तिने मांडलंच नाही. शेवटी हात धुऊन माझ्याकडे आली. आधी माझ्यावरून फडकं फिरवलं, आई फिरवायची तसं, मग मला उचललं. मी तिला लहानपणापासून ओळखते. ह्या बाईने रडायला नंतरची वेळ ठरवून ठेवली होती.

त्या दिवसापासून मी सभागृहाच्या भिंतीवर.

दगड उघडायचं जेवण सभागृहाच्या अंगणातच झालं, म्हणून मला दारातून सगळं दिसलं. जमिनीतल्या भट्टीतून डुक्कर निघालं, नारळाच्या दुधातलं रताळं-भोपळा आला, भाताचे ढीग आले. दगडावरचं कापड काढलं आणि डोरकसचं नाव उन्हात आलं. इनोसा जेवणाच्या चटईशी उभा होता, खांदे पडलेले. सोयऱ्यांपुढे ठेवायला त्याच्याकडे डुगाँग नव्हता. ह्या एका गोष्टीसाठी तो म्हातारपणी दोनदा पाण्यात पडला होता.

मग म्हातारे आले. आणि तेव्हा गावाच्या लक्षात आलं. हे सोयरे म्हणजे डोरकसच्या माहेरची, तिच्याच वयाची माणसं. खड्डा खणणाऱ्यांतले बहुतेक म्हातारेच. त्यांच्या नावाने वाटे पडले होते, त्यांनी ते घरी शिजवले होते, आणि आपापली भांडी घेऊन ते चटईवर बसले. डुगाँग चटईवर होता. फक्त तो इनोसाने वाढलेला नव्हता, आणि इनोसाला त्यातला घास घेता येत नव्हता.

गिडियन त्याच्या शेजारी येऊन बसला. भांडं उघडलं. चरबीचा वास मलाही आला. तो सावकाश जेवला, बोटं चाटली, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "माझ्या बहिणीने ह्याच्याशी लग्न केलं तेव्हाच मला कळलं होतं. हा माणूस मला सुखाने जेवू देणार नाही. आता बघा, खातोय मी, आणि हा भात चिवडत बसलाय. घास उतरतो का?"

इनोसा म्हणाला, "मांस कसं आहे?"

"चरबी आहे."

"खरं?"

"बोटभर. जुन्या दिवसांसारखी. तुझ्या कुरणातली आहे, इनोसा."

इनोसाने तोंड फिरवलं. तो दगडाकडे बघत होता. मग त्याने भात खाल्ला, सगळा, आणि पुन्हा मागून घेतला. एवढ्या महिन्यांत तो पोटभर जेवला नव्हता. कार्याला पाठीमागे कुणी नाव ठेवलं नाही. ठेवणारे सगळे जेवून आडवे झाले होते.

पुढच्या सभेत खूप भांडण झालं. एक म्हणाला, इनोसाला शिक्षा चुकीची झाली. दुसरा म्हणाला, जनावराने आत ओढत नेलं म्हणायला काय जातं, उद्या सगळेच म्हणतील. दोघांचं बरोबर होतं, म्हणून भांडण लांबलं. सायलस उठला, लाजत, आणि दोर आपण बांधला होता हे त्याने सांगितलं, आत काय झालं तेही सांगितलं. शेवटी लेटीने मांडलं. बाहेर टोक लागलेलं जनावर आत गेलं तर मागे जायचंच, सोडायचं नाही. पण त्याच दिवशी किनाऱ्यावर सगळ्यांसमोर सांगायचं, आणि वाटे म्हाताऱ्यांचेच. म्हणजे फायद्यासाठी कुणी मुद्दाम आत जाणार नाही, आणि भीतीने कुणी दोर कापणार नाही. बरची मात्र टांगायची नाही, कारण तिचा काही दोष नसतो. शेवटचं वाक्य कुणाच्या डोक्यातून आलं माहीत नाही, पण मी ते ऐकलं. जुनी शिक्षा मात्र मागे घ्यायची नाही, असं इनोसाने स्वतः सांगितलं. हंगामभर मी इथेच. असू दे.

नवा नियम सरकारकडे गेला आहे. सोललेल्या नाकाचा साहेब म्हणाला, मी बोलतो वर. अजून उत्तर नाही. येईल. आणि नाही आलं तरी आमच्या किनाऱ्यावर तो चालू झाला आहे. जनावर समुद्रात असतं आणि कचेरी जमिनीवर, हे त्यांनाही हळूहळू कळू लागलं आहे.

परवा लेटी कुरणात बुडी मारून मूठभर गवत घेऊन आली, मुळांसकट. माझ्याखालच्या टेबलावर ठेवलं. हिरवं, लांब पात्यांचं. सगळे वाकून बघत होते, जसं नवं बाळ बघतात. पुढच्या हंगामात रेषा थोडी मागे, कुरणाकडे सरकवायची का, ह्यावर आता बोलणं चाललंय. गिडियन म्हणतो, सरकवू नका, मला वाटे मिळायचे बंद होतील.

इनोसा आता उडी मारणार नाही. गुडघ्यांनी नकार दिला आहे. सायलसने सुट्टी वाढवून घेतली. रोज संध्याकाळी मामा त्याला धक्क्यावर दोर सोडायला आणि धरायला शिकवतो. मोठं इंजिन त्याने विकलेलं नाही, उगाच त्याचं गुणगान मी करणार नाही. पण बंद कुठे करायचं हे त्याला कळू लागलंय.

माझं मागणं एवढंच आहे. मला शोभेची करू नका, काचेमागे ठेवू नका, कुणाच्या भाषणात वापरू नका. नियम करणाऱ्यांनो, नियम करताना इथे या, भिंतीला टेकून बसा, ऐका. मारणाऱ्यांनो, तुम्हांला कुणी बघत नाही असं वाटेल तेव्हा जनावर तुम्हांला बघत असतं, एवढं लक्षात ठेवा. हंगाम संपला की लेटी शिडी लावेल आणि मला उतरवून सायलसच्या हातात देईल. त्याचा हात माझ्या ओळखीचा नाही, जरा जड आहे. शिकवीन मी त्याला. तेल लावून ठेवा, दोर तपासा, आणि लांबवर इंजिन बंद करा. पुढचं मी बघते.